गरम पाण्याच्या टबात बसण्याचे फायदे: टबातल्या वीस मिनिटांपेक्षा नंतरचा तास महत्त्वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ५८, दोन्ही गुडघ्यांची झीज, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली, बीपीची एक गोळी रोज चालू आणि झोप लागायला तास-दीड तास जातो. पोहण्याच्या तलावाशेजारी हॉट टबची सोय आहे. त्यात रोज बसलं तर या सगळ्याला फायदा होईल का, किती वेळ बसावं आणि गोळी सुटेल का?

आधी थेट उत्तर देते. गुडघे, कंबर आणि झोप या तिन्हींना फायदा होईल. बीपीला थोडाफार होऊ शकेल. गोळी सुटेल या आशेवर मात्र बसू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांध्यांच्या पेशंटना पाण्यातले व्यायाम देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. माझं अनुभवाचं मत असं की टबातली वीस मिनिटं ही तयारी असते. फायदा पदरात पडतो तो बाहेर आल्यानंतरच्या तासाभरात, आणि नेमका तोच वेळ बहुतेक जण सोफ्यावर मोबाइल बघत घालवतात. मग महिन्याभराने तक्रार येते की बसलं की बरं वाटतं, पण टिकत नाही.

पाण्यात बसल्यावर शरीराला तीन गोष्टी एकदम मिळतात: उष्णता, दाब आणि तरंगण्याचा आधार. लोक फक्त उष्णतेचं बोलतात, म्हणून उरलेल्या दोन आधी सांगते.

कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलात तर पायांवर साधारण निम्मंच वजन येतं. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर एक तृतीयांश, आणि मानेपर्यंत असेल तर जेमतेम १० टक्के. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या पायांवर सात किलो. टबात आपण बसलेले असतो, त्यामुळे हा आराम गुडघ्यांपेक्षा मणक्याला जास्त मिळतो. दिवसभर वरच्या धडाचं ओझं वाहणारे कमरेचे स्नायू इथे खरोखर सुट्टीवर जातात.

दाबाचं गणित तर याहून मजेशीर आहे. एक मीटर खोलीवर पाणी चहूबाजूंनी सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतं. टबात बसल्यावर पावलं ८०-९० सेंटिमीटर खाली असतात, म्हणजे तिथे ६० च्या वर दाब. पायाच्या सुजेसाठी आम्ही जे घट्ट मोजे देतो, त्यांतले बऱ्यापैकी कडक मोजेसुद्धा ३०-४० चा दाब देतात. पाय सुजणाऱ्या माणसाला टबात हलकं का वाटतं, ते इथे कळतं. हे वर ढकललेलं रक्त छातीकडे येतं. मानेपर्यंत पाण्यात असाल तर सुमारे ७०० मिलिलिटर. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं आणि मूत्रपिंडांचा समज होतो की शरीरात पाणी फार झालंय. टबात पंधरा मिनिटं बसलं की लघवीला लागते ती यामुळे. घाम जातो तो वेगळाच. म्हणून बसण्याआधी एक मोठा ग्लास पाणी प्या, आणि बाहेर आल्यावर आणखी एक.

आता उष्णता. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता पोचवतं. त्वचेचं तापमान ३३-३४ अंश सेल्सिअस असतं, टबाचं ३८ ते ४०. काही मिनिटांत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, स्नायूंचा ताठरपणा उतरतो, सांध्याभोवतालच्या ऊती लवचीक होतात आणि दुखण्याची जाणीव बोथट होते. हा परिणाम कायमचा नाही. बाहेर आल्यावर अंग गार व्हायला लागलं की तो ओसरू लागतो. तेवढ्या वेळात तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यायची.

ती कशी, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या गुडघ्यांचं भवितव्य यावर आहे. टबात शेवटची पाच मिनिटं नुसतं बसू नका. एक पाय समोर सरळ करा, पाऊल स्वतःकडे ओढा, तीन मोजा, सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. याहून जोरदार व्यायाम टबात नको. उपचारासाठीचे गरम तलाव ३३ ते ३५ अंशांवर ठेवतात ते त्यात व्यायाम करता यावा म्हणूनच. ४० अंशांत हात-पाय मारायला लागलात तर शरीराला उष्णता बाहेर टाकायला जागाच राहत नाही. बाहेर आलात की अंग कोरडं करा, सुती कपडे घाला, गुडघ्यावर काहीतरी पांघरा आणि दहा-पंधरा मिनिटांत पलंगावर पाठीवर पडा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. ती गुंडाळी गुडघ्याने खाली दाबा, मांडीचा पुढचा स्नायू कडक झाला पाहिजे. हाताने चाचपून बघा, वाटीच्या वरची बाजू आवळलेली लागली तर बरोबर करताय. पाच मोजा, सोडा, दहा वेळा. मग टाच पलंगावरून सरकवत गुडघा जमेल तेवढा वाकवा. टबाआधी जिथे अडकत होता त्याच्या दोन बोटं पुढे जाईल. ती दोन बोटं रोज कमवायची. कमरेसाठी एकेक गुडघा छातीशी आणा, नंतर दोन्ही गुडघे वाकवून कमरेची पोकळी पलंगाला टेकवा आणि सोडा. दहा-बारा मिनिटांत सगळं आटोपतं.

गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी पाण्यातल्या व्यायामावर बऱ्याच चाचण्या झालेल्या आहेत. त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की वेदना आणि हालचाल यांत थोडी, अल्पकाळाची, पण खरी सुधारणा होते. नुसतं गरम पाण्यात बसण्याचा आराम त्याहून लवकर विरतो. झिजलेली कूर्चा मात्र पाण्याने परत येत नाही, कुणी काहीही सांगो.

जेटबद्दल. पाण्याचे जोरदार फवारे हा टबाचा सगळ्यात आवडता भाग, आणि सगळ्यात चुकीचा वापरही त्याचाच होतो. फवारा मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर घ्या, थेट हाडावर नको. वीतभर अंतर ठेवा आणि एका जागी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. गुडघ्याच्या वाटीवर फवारा मारून काहीच साधत नाही, मांडीवर आणि पोटरीवर मारा. या फवाऱ्याच्या पंपाचं मूळ सांध्यांच्या आजारातच आहे. अमेरिकेत पंप बनवणाऱ्या जकुझी कुटुंबातल्या कॅन्डिडो यांच्या मुलाला लहानपणीच संधिवाताने गाठलं होतं. त्याच्यासाठी त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस घरच्या टबात सोडता येईल असा पंप तयार केला. चैनीची वस्तू म्हणून त्याचा बोलबाला झाला तो नंतर, १९६८ पासून फवाऱ्यांसकट तयार टब विकायला लागल्यावर.

गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी टब बंद. मुरगळल्यानंतरचे पहिले ४८ तास आणि गाऊटचा (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा) झटका यांनाही हाच नियम. तिथे गरम पाणी सूज वाढवतं.

झोपेचं सांगायचं तर इथे पुरावा चांगला आहे आणि वेळेला फार महत्त्व आहे. रात्री झोप येते तेव्हा शरीराच्या आतलं तापमान हळूहळू उतरत असतं. गरम पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडतात, बाहेर आल्यावर तिथून उष्णता भराभर निघून जाते आणि हा उतार सोपा होतो. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यात, झोपण्याआधी एक ते दोन तास, अगदी दहा मिनिटं घालवली तरी झोप लवकर लागते, सरासरी दहाएक मिनिटांनी. तुम्हाला १० वाजता झोपायचं असेल तर साडेआठ ही टबातून बाहेर पडायची वेळ धरा. पावणेदहाला टबातून निघून थेट अंथरुणात शिरलात तर अंग अजून तापलेलं असतं आणि उलट तळमळत पडाल. तुमची दीड तासाची तळमळ दहा मिनिटांनी कमी झाली तर ते चांगलंच, पण पुरेसं नाही. बीपी आहे, वय ५८ आहे. जोरात घोरता का, दिवसा पेंग येते का, हे घरच्यांना विचारा. उत्तर हो असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करून घ्या. त्यावर टबाचा उपाय नाही.

आता बीपी आणि हृदय. ओरेगन विद्यापीठात २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात व्यायाम न करणाऱ्या तरुणांना आठ आठवडे, आठवड्यातून चार-पाच वेळा ४०.५ अंशांच्या पाण्यात बसवलं. त्यांच्या रक्तवाहिन्या पसरण्याची क्षमता सुधारली, ताठरपणा कमी झाला आणि खालचं बीपी उतरलं. रक्ताचा प्रवाह वाढला की वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, व्यायामात होतं तसंच. पण ही माणसं तरुण होती, गोळीवर नव्हती आणि प्रत्येक वेळी तासाहून जास्त, देखरेखीखाली बसत होती. तुम्ही ते घरी करायचं नाही. जपानमध्ये सुमारे ३०,००० लोकांवर १९९० पासून जवळपास वीस वर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा टबात बसणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ रोज बसणाऱ्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार २८ टक्के आणि पक्षाघात २६ टक्के कमी आढळला. आकडा मोठा आहे, पण रोज निवांत टबात बसायला ज्याच्याकडे तब्येत आणि वेळ आहे तो मुळात बरा असण्याची शक्यताही मोठी. आणि त्याच जपानमध्ये दर हिवाळ्यात टबात वृद्धांचे मृत्यू होतात, हेही विसरू नये.

शुगरबद्दलही विचारलं जातं म्हणून सांगते. १९९९ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी नोंद आली होती: टाइप २ मधुमेहाच्या आठ पेशंटना तीन आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, अर्धा तास हॉट टबात बसवलं. उपाशीपोटीची शुगर सरासरी १८२ वरून १५९ वर आली. आठच माणसं, आणि तुलनेला दुसरा गट नाही. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात तासभर ४० अंशांच्या पाण्यात बसलेल्यांनी सुमारे १४० कॅलरी खर्च केल्या आणि जेवणानंतरचा शुगरचा उच्चांक थोडा खाली राहिला. याच्या बातम्या अशा झाल्या की जणू चालायला जायची गरजच संपली. त्याच अभ्यासात तासभर सायकल चालवणाऱ्यांनी ६३० कॅलरी खर्च केल्या, ते वाक्य बातम्यांत फार खाली होतं.

वजन उतरणं, घामावाटे विषारी द्रव्यं बाहेर पडणं हे सोडून द्या. घामात पाणी आणि मीठ असतं. विषारी द्रव्यांची कामं यकृत आणि मूत्रपिंडं करतात. टबानंतर काट्यावर कमी दिसलेला अर्धा किलो दोन ग्लास पाण्यात परत येतो.

गोळीकडे येते. धोका टबात बसण्यापेक्षा टबातून उठण्यात जास्त आहे. पाण्यात असेपर्यंत दाब पायांतलं रक्त वर रेटत असतो. तुम्ही उभे राहता आणि तो आधार एका क्षणात जातो. उष्णतेने वाहिन्या सैल झालेल्याच असतात, त्यात बीपीच्या गोळीने आणखी. रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या फरशीवर माणूस आडवा होतो. टबाशी संबंधित जे पेशंट माझ्याकडे येतात त्यांत पडून मनगट किंवा खुबा मोडलेले ठळकपणे आठवतात. म्हणून उठायची रीत ठरवून घ्या. आधी जेट बंद करा. मग वरच्या पायरीवर सरका, म्हणजे पाणी कमरेपर्यंत येईल. तिथे दोन मिनिटं बसा आणि टाचा वीसेक वेळा वर-खाली करा, पोटऱ्या रक्त वर ढकलतात. मग कठडा धरून उभे राहा, एक दीर्घ श्वास घ्या आणि त्यानंतरच पाऊल बाहेर टाका. लगेच थंड पाण्याचा शॉवर नको.

बीपीची गोळी घेतल्यावर तिचा जोर असतो त्या दोन-तीन तासांत बसू नका. प्रोस्टेटसाठी एखादी गोळी चालू असेल, छातीत दुखण्यासाठी नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) असेल, लघवी वाढवणारं औषध असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ही सगळी बीपी खाली ओढणारी मंडळी आहेत. दुखण्यासाठी फेंटॅनिलचा (अफूसारख्या तीव्र वेदनाशामकाचा) पॅच लावलेल्या माणसाने तर टबात अजिबात जाऊ नये. उष्णतेने औषध त्वचेतून झपाट्याने आत शिरतं आणि श्वास मंदावू शकतो. इन्सुलिन टोचल्याटोचल्या बसलात तर तेही लवकर शोषलं जाऊन शुगर पडते. आणि दारू पिऊन टब नाही, एक पेगही नाही. गुंगी येऊन माणसं बुडतात ती अशीच.

गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हॉट टब टाळावा. आईच्या शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं तर बाळाच्या मेंदू-मणक्यातल्या दोषांचा धोका वाढतो. मूल हवं असलेल्या पुरुषांनीही काही महिने दूर राहिलेलं बरं, शुक्राणूंना गरमी सोसत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराच्या पेशंटची लक्षणं गरम पाण्यात तात्पुरती उफाळतात, इतकी की एके काळी निदानासाठी गरम पाण्याच्या टबाची चाचणी करत. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर पायाने पाणी बघू नका, थर्मामीटरने बघा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदयाची झडप अरुंद झालेली, बीपी आटोक्यात नसलेलं, पायात रक्ताची गुठळी, उघडी जखम किंवा न भरलेले टाके असतील तर टबाचा विचार पुढे ढकला. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात घेऊ नये.

टब सगळ्यांचा आहे म्हणजे पाण्याची चौकशी करायला हवी, आणि यात संकोच नको. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं आणि नेमकं हेच तापमान काही जंतूंना मानवतं. लिजिओनेला हा न्यूमोनिया आणणारा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो आणि जेटमुळे उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात शिरतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसता मांडून ठेवलेला व्हर्लपूल, म्हणजे फवाऱ्यांचा टब, चालू होता. त्यात कुणी बसलंही नव्हतं, तरी शेजारून गेलेल्यांपैकी शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि कित्येक दगावले. स्यूडोमोनास नावाचा जंतू त्वचेवर खाजरे, पू भरलेले पुरळ आणतो, बहुधा पोहण्याच्या कपड्यांखाली.

पाण्यात क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग), ब्रोमीन वापरत असतील तर किमान ४, आणि पीएच ७ ते ७.८ हवा. चाचणीच्या पट्ट्या सहज मिळतात, पाण्यात बुडवून रंग जुळवायचा, मिनिटभराचं काम. पट्टी नसेल तर भिंतीवर बोट फिरवा. बुळबुळीत लागली तर परत फिरा. डोळे चुरचुरणारा क्लोरीनचा उग्र वास हे स्वच्छतेचं लक्षण नव्हे. घाम आणि मळाशी लढून क्लोरीन खर्ची पडलं की तो वास येतो. आत जाण्यापूर्वी साबणाने अंघोळ करा, लांब केस बांधा, आणि पाणी ओढणाऱ्या जाळीचं झाकण तुटलेलं दिसलं तर टबात पाय घालू नका.

तुमच्यापुरतं वेळापत्रक असं. पहिला आठवडा ३८ अंश, दहा मिनिटं, एक दिवसाआड, पाणी छातीपर्यंत. त्रास झाला नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून पंधरा, मग वीस मिनिटं. ३९ अंशांच्या वर जायची तुम्हाला गरज नाही आणि ४० च्या वर कुणीच जाऊ नये. आठवड्यातून चार-पाच दिवस पुरे. जेवणानंतर दीड तास जाऊ द्या. सोबत कुणीतरी असू द्या. पहिले पंधरा दिवस टबाआधी आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी, बसून आणि उभं राहून, बीपी मोजून वहीत लिहा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त पडत असेल, किंवा घेरी येत असेल, तर टब थांबवून ती वही डॉक्टरांना दाखवा. सहा आठवड्यांनी आकडे सातत्याने खाली दिसले तरी वही त्यांच्याचकडे न्यायची. गोळीचा डोस कमी करायचा की नाही हे ते ठरवतील. त्याच वहीत सकाळची कंबर सुटायला किती मिनिटं लागली आणि जिना उतरताना गुडघा किती दुखला, हेही लिहीत जा. सहा आठवड्यांत या दोन्हींत काहीच फरक पडला नाही, तर टबाची वेळ वाढवू नका, पलंगावरचे व्यायाम कुणा फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवा.